वाढीव माप

आईने बाबांचा शर्ट आधी स्वतःच्या नाकाशी धरला, मग लेकीच्या.

"घे वास. आणि खरं सांग."

लेकीने वास घेतला. चामडं, मेण, चिकटवायचं सोल्यूशन, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी जळकं.

"बाबा चामड्याची कड डागतात ना, तिचा वास आहे."

"कड काय आज डागतायत? संसार गेला माझा त्या वासात. हा वेगळा आहे." आईने शर्टाचा बोळा करून बादलीत टाकला. "पुन्हा सुरू केलंय त्यांनी. मी काही दूधखुळी नाही."

मग हात पुसत तिने सगळं मांडलं. खालच्या दुकानाचं दार हल्ली आतून लावून घेतात. विचारलं तर म्हणे वारा येतो. पायातले मोजे झोपतानाही काढत नाहीत. मोज्यात काय लपवून ठेवलंय कुणास ठाऊक. शर्ट ढगळ व्हायला लागलेत, जेवणावर वासना नाही. आणि परवा खिडकीशी उभे राहून दोन्ही हातांची बोटं उजेडात धरून निरखत होते.

"पिवळी पडलीत का ते बघत असणार. मी आत गेले तर हात असे मागे घेतले, चोरासारखे."

"गुडघे दुखतात म्हणत होते."

"गुडघे कुठे, सिगरेट कुठे! तू तुझ्या त्या यंत्रात घालून बघ त्यांना. धूर दिसत असेल ना त्यात?"

"धूर नाही दिसत, आई."

"मग एवढं शिकून उपयोग काय?"

लेक मोठ्या इस्पितळात एक्सरे आणि स्कॅन वाचायचं काम करायची. सावलीवर संशय घ्यायचा आणि तो चार ओळींत लिहून द्यायचा, यावर तिचा पगार चालत होता. पण संशयाच्या कामात आईचा हात तिलाही धरता आला नसता. बाबांची सिगरेट सुटली ती दीड वर्षापूर्वी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती आणि खाली मांड्यांकडे जाणाऱ्या तिच्या दोन्ही फांद्या चोंदल्या होत्या. तिच्याच वर्गातल्या सर्जनने तो भाग बाजूला सारून कापडी नळी बसवली. वर एक तोंड, खाली दोन पाय, ते दोन्ही जांघांत नेऊन शिवलेले. डॉक्टर मंडळी तिला आपसांत विजार म्हणत. शुद्धीवर आल्यावर बाबांना ते कळलं तेव्हा ते टाके धरून हसले होते.

"मी जन्मभर लोकांना बाहेरून बूट चढवले. तुम्ही मला आतून विजार चढवलीत."

लेक जिना उतरून दुकानापाशी गेली. दार खरंच आतून बंद होतं. तिने थाप मारली. आत काहीतरी घाईने सरकलं, मग कडी निघाली.

"या, डॉक्टरीणबाई. तुमच्या मातोश्रींनी हेर म्हणून पाठवलं वाटतं?"

"हो. वास घ्यायला."

बाबांनी दोन्ही तळवे पुढे केले. आरीने टोचून टोचून राठ झालेले, मेणाने चकचकीत. "घ्या. मेणाशिवाय काही सापडलं तर बूट फुकट शिवून देईन."

ते परत आपल्या बुटक्या स्टुलावर बसले. बसताना एक हात भिंतीला, एक हात मांडीला. लेकीची नजर खाली गेली. त्यांच्या पायात नवे बूट होते, पुढून रुंद, गोलाकार. असल्या बुटांना बाबा होड्या म्हणत. कोणी गिऱ्हाईक होड्या मागायला आलंच, तर त्याला ते पुढच्या गल्लीतल्या दुकानात धाडून देत.

"तुम्ही होड्या कधीपासून घालायला लागलात?"

"वय झालं की आवड बदलते."

ती वाकली तसे त्यांनी पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

"मोजे काढा, बघू द्या."

"नको. थंडी वाजते."

त्यांच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. दोघांनी एकदमच वर पाहिलं आणि एकदमच नजर खाली घेतली.

"संध्याकाळी अंग गरम होतं का?"

"दुकानात दिवसभर बसून बघ. भिंतही गरम होते."

"मग गुडघ्यांचा तरी फोटो काढू."

"काढ. पण गुडघ्यांचाच." त्यांनी आरी उचलली, बुटाच्या तळाला एक भोक पाडलं, दोरा ओवला. मग मान वर न करता म्हणाले, "छातीचा काढायचा नाही. मला त्या पत्र्याला मिठी मारायला आवडत नाही."

जिना चढताना ते वाक्य तिला काट्यासारखं रुतलं. छातीचं नाव काढलं कोणी होतं?

*

एक्सरेच्या टेबलावर बाबा मोजे घालूनच निजले. किरणांना मोजे आड येत नाहीत, म्हणून लेकीने वाद घातला नाही, गुडघ्यांबरोबर पावलांचाही फोटो हळूच उरकून घेतला. पडद्यावर गुडघे उमटले. झिजले होते, पण वयाच्या मानाने ठीकच. असल्या फोटोंत वाचणाऱ्याचा घात होतो तो इथेच. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सापडतं आणि डोळा पुढे सरकतो. पण आज तिच्या डोळ्याला आईची नजर चिकटली होती. तिने चित्राची खालची कड मोठी केली.

नडगीच्या हाडाला दोन रेघा होत्या.

एक हाडाची नेहमीची कड, आणि तिच्या जरा बाहेरून, तिला धरून चाललेली दुसरी, बारीक, फिकट. चित्रकाराने एकदा रेघ ओढून मग मन बदलून पुन्हा जराशी बाहेरून ओढावी तशी. उजव्या पायाला होती, डाव्यालाही होती.

हाडावर एक पातळ साल असते. तिला कोणी डिवचत राहिलं की ती नवं हाड घालायला लागते, थरावर थर. आणि अंगावरच्या सगळ्या लांब हाडांना असं डिवचणारी जी कारणं पुस्तकात असतात, त्यांत पहिलं नाव फुप्फुसाचं. फुप्फुसातली गाठ. ओढणाऱ्यांची.

तिने खुर्ची मागे सरकवली आणि उठून बाहेरच्या खोलीत गेली. बाबा टेबलावर बसून शर्टाची बटणं लावत होते.

"अजून दोन फोटो घेऊ. हातांचे."

"हातांचे? घे की." त्यांनी हात अगदी खुशीत पुढे केले.

"आणि छातीचा."

बटणावरची त्यांची बोटं थांबली. ती वाद ऐकायला तयार होती. पण बाबा टेबलावरून उतरले. पत्र्यापाशी गेले, हनुवटी वर टेकवली, खांदे पुढे केले, आणि श्वास धरायला सांगण्याआधीच डोळे मिटून घेतले.

पुन्हा पडद्यापुढे बसताना लेक स्वतःशी एकच म्हणत होती, आईचंच खरं निघालं. मग छातीचा फोटो आला. तिने तो जवळून पाहिला, लांबून पाहिला, काळं-पांढरं उलटं करून पाहिला. छाती स्वच्छ होती. हातांची हाडं एकेरी रेघेची, नीट रेखलेली. तिने पायांचे फोटो पुन्हा शेजारी लावले. तिथे दोन रेघा, आणि बोटांच्या टोकांभोवती मांसाची फिकट सावली हवी त्याहून जाड.

फुप्फुसाचं असतं तर हातांनीही सांगितलं असतं. इथे वरचा माणूस धडधाकट आणि खालचा आजारी. मधे कुठेतरी सीमा होती, आणि त्या सीमेवर काय शिवलेलं आहे ते तिला ठाऊक होतं.

"छाती ठीक आहे, बाबा," ती बाहेर येऊन म्हणाली. "बाकीचं मी बघते."

"हां," बाबा म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत बसले.

*

सर्जनने फोटो पाहिले आणि चहा मागवला. अवघड बोलायचं असलं की तो चहा मागवी, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं.

"नळीला जंतू लागलेत असं म्हणायचंय तुला."

"संशय आहे असं म्हणायचंय."

"तीन महिन्यांपूर्वीचा पोटाचा स्कॅन स्वच्छ आहे. तूच वाचलास."

"मीच वाचला. जंतू हळू वाढणारे असले तर स्कॅनमध्ये उशिरा दिसतात. हाडं आधी बोलतात. दोन्ही पायांना, आणि फक्त पायांना झालंय."

"रक्तात जंतू सापडले नाहीत."

"रक्तात ते नेहमीच सापडतात असं नाही."

त्याने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "दर वेळी मी स्वतः नाडी बघतो त्यांची. घोट्यामागची. अशी उडते की घड्याळ लावावं."

"मोजा पूर्ण काढून?"

"मोजा खाली सरकवून." बशी बाजूला सारून तो म्हणाला, "राग येऊ देऊ नकोस. हे माझी वर्गमैत्रीण बोलतेय की पेशंटची मुलगी?"

"तू सर्जन म्हणून ऐकतोयस की नळी बसवणारा म्हणून?"

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं.

"हे बघ," तो शेवटी म्हणाला. "ही नळी काढायची म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बसवण्यापेक्षा दसपट वाईट काम. कितीतरी लोक टेबलावरून उठत नाहीत. पेशींची तपासणी मी सांगू शकतो. त्यांच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, खूण करून परत सोडू, आणि कुठे गोळा होतात ते बघू. पण तिथेही फिकट डाग आला तर तू म्हणशील जंतू, मी म्हणेन जुनी सूज. मला एक सांग. पाय असे कधीपासून आहेत? काही लोकांची बोटं जन्मतःच जाड असतात. ऑपरेशनच्या आधीपासून असले, तर तुझा सगळा डोलारा कोसळला."

तिने तिथूनच बाबांना फोन लावला.

"पायांचं काय विचारतेस?" बाबा म्हणाले. "माझे पाय जन्मापासून असेच."

*

दुसऱ्या दिवशी बाबा चामडं आणायला बाजारात गेले, आणि आईने ओट्यावरच्या डब्यातून किल्ली काढली.

"दुकानाची? ती तर एकच आहे."

"त्यांना वाटतं दुसरी हरवली." आईने खांद्याला पर्स अडकवली, जणू लांब कुठे निघाली होती. "लग्नाच्या वर्षी हरवली. चल."

दोघी आत शिरल्या. आईने थेट डब्यांना हात घातला. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, झाकण लावायचं. लेकीला काय शोधायचं ते नक्की ठाऊक नव्हतं. जुना बूट, जुनी चप्पल, पावलाचा ठसा, काहीही. पण जुने बूट बाबा ठेवत नसत.

मागच्या भिंतीवर फर्मे टांगलेले होते. पावलाच्या आकाराचे लाकडी ठोकळे, त्यांच्यावर चामडं ताणून बाबा बूट बेतत. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फर्मे वेगळे ठेवलेले, आणि त्यांवर खडूने बाबांनी दिलेली नावं. वाकडा अंगठा. वकील. मोठी सून. बदक. शेवटच्या खिळ्यावरच्या जोडीवर लिहिलं होतं, मी.

लेकीने ती जोडी उतरवली.

माणसाचा पाय बदलला म्हणून कोणी नवा फर्मा कोरत नाही. जिथे पाय वाढला तिथे फर्म्यावर चामड्याची पातळ पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकायची, कडा तासायच्या, की झालं वाढीव माप. लहानपणी या पट्ट्या कापायला ती बाबांना मदत करायची. या जोडीच्या पुढच्या टोकांवर पट्टीवर पट्टी चढली होती. तिने अंगठा फिरवला. लाकडाची कड, तिच्या बाहेर दुसरी कड, तिच्या बाहेर तिसरी. काल रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून न हललेलं चित्र आता तिच्या हातात होतं.

"आई, इकडे ये."

"सापडलं?" आई लगबगीने आली.

"यातलं कुठलं चामडं कधीचं, सांगता येईल तुला?"

आईने चष्मा चढवला. वरची पट्टी काळी होती, तिच्याखालची तपकिरी. सगळ्यांत आतली, थेट लाकडावर बसलेली, डाळिंबी रंगाची होती, दोऱ्याएवढीच दिसत होती. आईने नखाने कड जरा उचलली. मग तिने खांद्यावरची पर्स पुढे ओढून फर्म्याशेजारी धरली. तोच रंग, तोच दाणा.

"इस्पितळातून घरी आले तेव्हा जिना उतरायची बंदी होती," आई म्हणाली. "वर बसून बसून वेड लागायची पाळी. तेव्हा त्यांनी हे चामडं मागवलं आणि माझी पर्स शिवली. त्याआधी असलं चामडं या घरात आलेलं नाही."

"नक्की?"

"माझी पर्स आहे. मला विचारतेस नक्की?"

दारात सावली पडली. बाबा खांद्यावर चामड्याची गुंडाळी घेऊन उभे होते. त्यांनी उघडं कुलूप पाहिलं, बायकोच्या हातातली पर्स पाहिली, लेकीच्या हातातला फर्मा पाहिला.

"सापडली का सिगरेट?"

आईने मुठीतली किल्ली हळूच पर्समध्ये टाकली.

"बाबा, बसा," लेक म्हणाली.

ते बसले. गुंडाळी खाली ठेवली, आणि कोणी न सांगता स्वतःच बूट काढले, मग मोजे. बोटांची टोकं ढोलाच्या टिपरीसारखी फुगली होती आणि नखं त्यांच्यावर बहिर्गोल काचेसारखी चढली होती.

"अगं बाई," आई म्हणाली आणि तिथेच चामड्याच्या ढिगावर बसली.

"छातीत किती पसरलंय?" बाबांनी लेकीला विचारलं.

"छातीत? मी तुम्हाला सांगितलं ना, छाती ठीक आहे."

"डॉक्टर लोक घरच्यांना असंच सांगतात. मीही गिऱ्हाइकाला सांगतो, बूट चालून चालून सैल होईल." त्यांनी दोन्ही हातांचं एकेक बोट पाठीला पाठ लावून उजेडाकडे धरली. "तूच शिकवलंयस. कॉलेजात होतीस तेव्हा दर सुट्टीत माझी परीक्षा घ्यायचीस. नखांच्या मधे शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली की पास. फट बुजली की सिगरेटने छाती खाल्ली समजायचं. बघ, अजून दिसते. मी रोज बघतो. म्हटलं पायांपासून सुरू झालंय, वर यायला वेळ लागेल. सिगरेट सोडली तरी तिने मला सोडलेलं नाही. तुम्हा दोघींना कशाला..." ते थांबले. "हिला वाटलं मी ओढतो. म्हटलं वाटू दे. तेवढंच वाटतंय ना."

आईने पदर तोंडाशी धरला.

"छातीत काही नाही," लेक म्हणाली. "खोटं सांगत नाही. छातीचं असतं तर हातांची फट आधी बुजली असती."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, हळूहळू. ते पूर्ण यायच्या आत तिला पुढचं बोलायला हवं होतं.

"पण पोटातल्या नळीला जंतू लागले असावेत. ती स्वतः काही बोलत नाही. तिच्यातून जे रक्त खाली जातं ते पायांना डिवचतं. मग हाडं वरून थर चढवतात."

बाबांनी तिच्या हातातल्या फर्म्याकडे पाहिलं. "पट्ट्या ठोकतात."

"हो."

"म्हणजे विजार उसवायची."

"उसवायची. आणि रक्ताला दुसरी वाट करून द्यायची."

"सोपं असतं?"

नातेवाइकांना सांगायची वाक्यं तिला पाठ होती. "नाही," ती म्हणाली.

"आणि तशीच राहू दिली तर?"

"आतला टाका सुटेल. कधी, ते सांगता येत नाही."

बाबांनी मान हलवली. टाका सुटणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने फर्मा आणि पर्स शेजारी ठेवून फोटो काढला आणि सर्जनला पाठवला. खाली दोन ओळी लिहिल्या: सगळ्यांत आतली पट्टीही ऑपरेशननंतरची आहे, म्हणजे पाय त्यानंतरच वाढले. त्याचा फोन लगेच आला नाही. आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उद्या घेऊन ये त्यांना. मी नाडीच बघत राहिलो."

*

तपासणीत नळीच्या उजव्या फाट्याशी डाग उजळला. फिकट नव्हता.

भरती व्हायच्या सकाळी बाबांना दुकान बघायचं होतं. आई बॅग घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी आऱ्या डब्यात घातल्या, मेणाच्या वडीवर फडकं टाकलं, अर्धा बूट कागदात गुंडाळून वर ठेवला. मग आपली जोडी खिळ्यावर टांगली.

"नंतर पाय जुन्या मापाचे होतात?"

"बहुतेकांचे होतात," लेक म्हणाली. "दुखणं लवकर जातं. बोटांना वेळ लागतो."

"मग तोवर राहू देत पट्ट्या."

ते जायला वळले, थांबले, आणि पुन्हा भिंतीकडे गेले. बदकाच्या फर्म्यामागे हात घालून त्यांनी सिगरेटचं एक चपटं पाकीट काढलं आणि आईपुढे धरलं.

"हे एवढं राहिलं होतं. फोडलेलं नाही."

"वाटलंच मला!" आई म्हणाली. इतक्या दिवसांत तिच्या आवाजाला पहिल्यांदा धार आली. तिने पाकीट घेतलं, उजेडाकडे धरलं, चारी बाजूंनी फिरवून सील तपासलं, नाकाशी नेलं. सील अखंड होतं.

तिच्या पायाशी कातरणांची टोपली होती. लेक तिकडेच बघत होती.

आईने डाळिंबी पर्स उघडली, पाकीट आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन लावली.

"घरी परत आल्यावर बघू," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा चेन उघडली, किल्ली काढली आणि दुकानाला कुलूप लावलं. बाबा त्या किल्लीकडे बघत राहिले.

"ही तर हरवली होती ना?"

"सापडली," आई म्हणाली. "चला. पायरी सांभाळून."